गोळी, पपनस आणि पप्पांचे पाय

माझे सासरे गॅब्रिएल, आमचे पप्पा, मोतमावलीच्या म्हणजे मारियामातेच्या सणाला चर्चमध्ये गुडघे टेकून बसले आणि मग उठलेच नाहीत. बाकीचे सगळे उठले, आशीर्वाद झाला, शेवटचं गाणं झालं, बायका बाहेर जाऊन एकमेकींच्या साड्या बघायला लागल्या, तरी हे आपले हात जोडून बाकाला चिकटलेले. प्रवचन सुरू झालं की आयुष्यभर बिडी ओढायला बाहेर जाणारा माणूस सत्तरीला येऊन असा ध्यानस्थ झालेला बघितल्यावर त्यांची बहीण व्हेरोनिकाआत्या रडायलाच लागली. तिला वाटलं, भावाला देव भेटला. फादरसुद्धा वेदीवरून खाली आले आणि म्हणाले, गॅब्रिएल, अशी श्रद्धा आता बघायला मिळत नाही. पप्पांनी दातओठ खात त्यांना सांगितलं की श्रद्धा-बिद्धा राहू द्या, आधी मला उचला.

तिघांनी मिळून त्यांना बाहेर आणलं. मिरवणुकीत मूर्ती आणतात तसे ते लोकांच्या डोक्यांवरून तरंगत येत होते आणि दोन्ही हातांनी काही नाही, काही नाही, अशी खूण करत होते. पडलो तरी नाक वर, ही म्हण माझ्या सासरच्या पुरुषांवरूनच पडली असावी. त्यांच्या मांड्या कितीतरी दिवस दुखत होत्या, विहिरीकडून येताना भिंत धरावी लागत होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सांगणार कोण? गास गावातल्या त्या घरात ते एकटेच. माझ्या सासूबाई लिडिया जाऊन दोन वर्षं झाली, नणंद लग्न होऊन वांद्र्याला, आणि माझा नवरा रिचर्ड आणि मी वसईला एव्हरशाईन सिटीत.

रिचर्डने जाहीर केलं की पप्पा आपल्याकडे येतील. आता, पप्पांचं फ्लॅटबद्दलचं मत अख्ख्या गासला ठाऊक आहे. आमच्या घरभरणीला फादर पवित्र पाणी शिंपडत असताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते की कोंबड्यांनासुद्धा खुराड्यात फक्त रात्री कोंबतात, ही माणसं दिवसाही राहतात. त्यामुळे गाडीत बसण्याआधी त्यांनी मुलाकडून शब्द घेतला: पाय बरे झाले की त्याच दिवशी परत गासला. रिचर्डने शब्द दिला. रिचर्ड शब्दाला जागणारा माणूस आहे. इतका जागतो की कधीकधी त्याला झोपवावंसं वाटतं.

तो शब्द मीही मनातल्या मनात घट्ट धरून ठेवला. का, ते सांगते, आणि त्याची मला लाज नाही. मी नालासोपाऱ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवते. लग्नानंतर इतकी वर्षं मी पेपर तपासले ते जेवणाच्या टेबलावर, आमटीच्या पातेल्याशेजारी. यंदा मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याची खोली माझी झाली. टेबल आलं, दिवा आला, दाराला कडी होती ती पहिल्यांदा आतून लावली. त्या सुखाला महिना होतो न होतो तोच त्या खोलीत पप्पा आले, त्यांची उशी आली, त्यांचं घोरणं आलं. टेबल भिंतीला सरकलं आणि माझ्या उत्तरपत्रिकांवर त्यांच्या लुंग्या वाळायला लागल्या. हा माणूस लवकरात लवकर धडधाकट व्हावा यासाठी जगात सर्वांत जास्त तळमळ कोणाला असेल तर ती मला होती.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वय. व्हेरोनिकाआत्याने सांगितलं, नजर. ती कुठल्याशा तीर्थाहून आणलेलं आशीर्वादित तेल घेऊन आली आणि मांड्यांना चोळून गेली. आणि चमत्कार म्हणा नाहीतर काही म्हणा, पप्पा सुधारायला लागले. आठवडाभरात भिंत न धरता चालायला लागले. दुसऱ्या आठवड्यात खाली उतरून आमच्या गेटवरच्या काळूराम वॉचमनशी पत्ते खेळायला लागले. त्याच्या पुढच्या आठवड्यात अशी वेळ आली की सोसायटीत कोणाच्या घरी कोण पाहुणे आले, कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय, हे मी पप्पांना विचारायला लागले. आत्या म्हणाली, तेल. रिचर्ड म्हणाला, फ्लॅटची कोरडी हवा. मी म्हटलं, काही का असेना, येत्या रविवारी गासला एक चक्कर मारून या, पाय चालतात का बघा. मला टेबल दिसत होतं.

रविवारी ते गेले आणि एक गोणी भरून पपनसं घेऊन आले. आमच्या वाडीत विहिरीजवळ पपनसाचं एक झाड आहे, सासूबाईंनी लावलेलं. पावसाळ्याच्या शेवटी ते असं लगडतं की फांद्यांना टेकू द्यावे लागतात. पप्पा त्यातलं एकेक पपनस रोज संध्याकाळी गॅलरीत बसून सोलत. आधी जाड साल, मग पांढरा कापूस, मग एकेका फोडीवरचं पापुद्र्यासारखं आवरण, मग मीठ आणि लाल तिखट. अख्खं पपनस संपवून उठत. आम्हाला विचारत, पण रिचर्डला आंबट चालत नाही आणि मला वेळ नसतो.

चारपाच दिवसांत त्यांचे पाय पुन्हा गेले. या वेळी आधीपेक्षा वाईट. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी टेबल धरायचे, आणि टेबल माझं होतं. आत्या म्हणाली, तेल संपलं म्हणून. रिचर्ड म्हणाला, वाडीतली ओल बाधली. आणि मग पप्पांनी सहज, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा सुरात सांगितलं की दोन दिवस लघवी काळ्या चहासारखी होते आहे. मी म्हटलं, उद्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, उद्या नको, उद्या काळूरामची सुट्टी आहे, गेटवर नवीन पोरगा असतो, त्याला सांभाळावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा बारावीला तास होता. विषय एन्झाइम. पुस्तकात त्याला विकर म्हणतात, वर्गात कुणीच म्हणत नाही. शरीरात जोडायची आणि तोडायची हजार कामं चालतात आणि प्रत्येक कामाला एक ठरलेलं एन्झाइम असतं. त्याच्या अंगावर एक खाच असते. त्या खाचेत नेमका बसेल तो पदार्थ घ्यायचा, त्याचं काम उरकायचं, सोडून द्यायचा, पुढचा घ्यायचा. स्वतः संपत नाही, पगारवाढ मागत नाही, शिक्षक असण्याची सगळी लक्षणं. त्याला अडवायचं तर एक रस्ता सभ्य: त्या खाचेत बसेल असा एखादा तोतया पाठवायचा. तो जागा अडवून बसला की काम थांबतं, तो निघून गेला की पुन्हा सुरू. दुसरा रस्ता गुंडगिरीचा: असा पदार्थ पाठवायचा की एन्झाइम त्याला तोडायला जातं आणि तो त्याच्या जबड्यातच कायमचा रुतून बसतो. ते एन्झाइम मेलं. शरीराने नवीन बनवेपर्यंत काम बंद.

पहिल्याचं उदाहरण म्हणून मी दरवर्षी कोलेस्टेरॉलची गोळी सांगते. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम असतं, ही गोळी तोतया होऊन त्याच्या खाचेत बसते. दुसऱ्याचं उदाहरण, ग्रेपफ्रूट. आतड्याच्या अस्तरात एक एन्झाइम असतं. ते बऱ्याच औषधांचा मोठा भाग रक्तात शिरण्याआधीच तोडून टाकतं. डॉक्टर डोस ठरवतात तो ही तूट धरूनच. ग्रेपफ्रूट त्या एन्झाइमचा गळा धरतं. मग गोळी न तुटता सगळी आत जाते, आणि एक गोळी खाल्लेल्या माणसाच्या अंगात मूठभर गोळ्यांचं औषध फिरतं. कोलेस्टेरॉलची गोळी अशी साचली तर स्नायू विरघळायला लागतात.

फुलपाड्याहून येणारी उन्नती नावाची एक मुलगी पहिल्या बाकावर बसते. प्रश्न विचारणं हा तिचा छंद आहे, उत्तर ऐकणं नाही. तिने विचारलं, मॅडम, हे फळ तुम्ही कधी खाल्लंय का? मी म्हटलं, नाही. मग दिसतं कसं, तिने विचारलं. मी मोबाईलवर फोटो शोधून वर्गाला दाखवला. उन्नती म्हणाली, "मॅडम, हे तर आमच्या गणपतीपुढचं पपनस. जरा बारीक आहे एवढंच."

वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच पोर, पपनस आणि संत्र्याच्या संकरातलं, हे मला बी.एस्सी.पासून माहीत होतं. पप्पांना पावसाच्या तोंडावर कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, हेही माहीत होतं, कारण ती मीच आणते. गॅलरीतल्या पपनसाच्या साली रोज मीच कचऱ्यात टाकते, आणि ती गोणी घरात येईपर्यंत ते धडधाकट होत चालले होते, हेही मीच पाहिलं होतं. एवढं सगळं डोक्यात शेजारी शेजारी राहत होतं आणि एकमेकांना ओळखत नव्हतं, आमच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांसारखं.

मी वर्गाला धडा वाचायला सांगून निघाले. घरी पोहोचले तेव्हा पप्पा गॅलरीत होते, मांडीवर वर्तमानपत्र, हातात सोललेली फोड. संध्याकाळची वेळ सोडून दुपारीच बसले होते, कारण काळूराम नव्हता आणि करमत नव्हतं. मी ती फोड त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की सून तोंडचा घास काढायला लागली, आता बघायचं काय राहिलं. मी काहीही न समजावता त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात रक्त तपासलं. स्नायूंच्या आत राहायला हवं ते एन्झाइम रक्तात सांडलेलं निघालं, आणि ते इतकं होतं की लॅबवाल्याने तपासणी दोनदा केली. डॉक्टरांनी गोळी बंद केली, पपनस बंद केलं, सलाईन लावलं. बाहेर नेऊन मला सांगितलं की विरघळलेले स्नायू मूत्रपिंडात अडकतात, आणखी थोडे दिवस गेले असते तर पायांचा प्रश्नच उरला नसता. मी तिथल्या बाकावर बसले आणि मला रडू आलं. टेबलासाठी नाही. तोवर मला वाटत होतं की मला तो माणूस घरातून जायला हवा आहे. तो जगातून जाईल की काय, हे वाटल्यावर मी उठून आत गेले आणि सलाईनचे थेंब मोजत बसले.

पप्पांना मात्र कारण समजावून हवं होतं. मी त्यांना काळूराम दिला. म्हटलं, आपल्या गेटवर दिवसाला दहा विक्रेते येतात. काळूराम त्यातले सातआठ परत पाठवतो, दोघेतिघे वर येतात, बेल वाजवतात, तेवढं आपल्याला सोसतं. तुमच्या आतड्यात असाच एक काळूराम आहे. तुमची गोळी आली की तो बरीचशी गेटवरच अडवतो. पपनसाने त्याला खुर्चीला बांधून ठेवलं. मग दहाच्या दहा वर आले, आणि तुम्ही तर रोज एक पपनस पाठवत होता, बांधायला.

पप्पांनी विचार केला. ते आमच्या घरच्या बोलीत बोलतात, ती सगळीच्या सगळी लिहिली तर वाचणाऱ्याला घाम फुटेल, म्हणून थोडी सोपी करून देते. "म्हंजे गोळी वाईट नाय, पपनस वाईट नाय. दोघांचं लगीन वाईट."

मी म्हटलं, अगदी बरोबर. बारावीच्या निम्म्या वर्गाला एवढं सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं की आता नवीन काळूराम यायला किती दिवस लागतील. मी सांगितलं, दोनतीन दिवसांत शरीर नवीन एन्झाइम बनवतं, स्नायूंना काही आठवडे लागतील, नंतर डॉक्टर दुसरी गोळी देतील, तिच्या वाटेत हे एन्झाइम फारसं येतच नाही. ती घेऊन तुम्ही पपनसाचं झाड मुळासकट खाल्लंत तरी चालेल. एवढी चांगली बातमी ऐकून माणसाचा चेहरा खुलायला हवा. पप्पांनी फक्त हं केलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दिवाळीपर्यंत त्यांचं रक्त साफ आलं. नवीन गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, आता धावायला हरकत नाही. पण पाय काही केल्या सुधारेनात. रिचर्ड कामावरून आला की पप्पा सोफ्याचा हात धरून उठत, आई गं म्हणत, बाथरूमपर्यंत भिंत धरून जात. रिचर्ड रोज मला विचारायचा, अजून किती? त्याने शब्द दिला होता ना. वाडीतल्या घराची त्याने सफाई करून घेतली, नवीन दिवे लावले, गॅसची टाकी भरून ठेवली. म्हणाला, पप्पांना तिकडची इतकी ओढ आहे, आपल्यामुळे एक दिवसही जास्त अडकायला नको. माझं शास्त्र मात्र अडलं होतं. रक्त साफ, गोळी बदललेली, पपनसाचा हंगाम संपत आलेला, मग माणूस लंगडतो का?

एका शनिवारी कॉलेज लवकर सुटलं. आमची लिफ्ट बंद होती, तशी ती असतेच. मी पहिल्या मजल्यावर पोहोचले तर वर कोणीतरी दोन दोन पायऱ्या घेत चढत होतं, शीळ घालत. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, डोक्यावर टोपी. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी खाली बघितलं आणि मला पाहिलं. शीळ बंद झाली, एक पिशवी खाली आली, हात कठड्यावर गेला आणि उजवा पाय लंगडायला लागला. सकाळी डावा होता.

मी वर गेले, पिशवी उचलली, दार उघडलं. आत गेल्यावर पंखा लावला आणि त्यांच्यासमोर बसले. खरं सांगते, मला राग आला होता. माझी खोली, माझं टेबल, माझी कडी, आणि हे इकडे नाटक करताहेत. मी विचारलं, पप्पा, हे काय चाललंय? रिचर्ड तिकडे तुमच्यासाठी घर सजवतोय, तुम्हाला फ्लॅटचा एवढा तिटकारा, आणि तुम्ही मुद्दाम पाय ओढताय?

त्यांनी पिशवीतली कोथिंबीर निवडायला घेतली. मग म्हणाले, "लिडिया होती तेवा माज्या वाट्याला त्या पपनसाच्या चार फोडी यायच्या, प्रिस्का. बाकी ती गावभर वाटायची. ती गेली, झाड काय थांबलं नाय. मी कोनाच्या दारात फळं घेऊन जानार? आणि टाकवत पन नाय. म्हनून सगळी एकट्याने खाल्ली."

त्यांनी कोथिंबिरीची काडी मोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माला त्या घरात परत एकट्याला नको पाठवू. पन रिचर्डला सांगू नको मी असं बोललो म्हनून."

त्यांच्या आतड्यात काय बिघडलं ते मी रेणूपर्यंत शोधून काढलं होतं, आणि तो माणूस दोन वर्षं एका लगडलेल्या झाडाखाली एकटा बसून खात होता, हे मला कुणी सांगेपर्यंत दिसलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आणि रागही राहिलाच, कारण खोली गेली ती गेलीच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटतात, लोक उगाच म्हणतात की वाटत नाहीत.

रात्री जेवताना रिचर्डने विषय काढलाच. रक्त तर साफ आहे, मग पाय का बरे होत नाहीत? पुढच्या रविवारी नेऊन सोडायचं का त्यांना, बिचारे मनाने तिकडेच आहेत. पप्पा ताटात बघत भात कालवत राहिले.

रिचर्डचा विज्ञानाशी संबंध दहावीला सुटला, तो त्याने पुन्हा जोडला नाही. मी पाणी प्यायले आणि वर्गात बोलते त्या आवाजात त्याला सांगितलं, "अरे, आतड्यातलं एन्झाइम मेलंय ना त्यांचं. ते परत तयार व्हायला वेळ लागतो. वर्ष, दोन वर्षं. कधीकधी होतच नाही. तोवर त्यांना एकटं ठेवता येणार नाही."

हे उत्तर माझ्या वर्गात कुणी लिहिलं असतं तर मी शून्य देऊन वर लाल शाईने शेरा मारला असता. रिचर्डने मात्र मान डोलावली. त्याला पप्पांचंच वाईट वाटत होतं. तो त्यांच्याकडे वळून म्हणाला की पप्पा, मी शब्द दिला होता, पण आता हे असं आहे, चालेल ना तुम्हाला?

पप्पांनी एक घास संपवला, आणखी एक कालवला. मग मोठा सुस्कारा सोडला, खुराड्यात कोंबलेल्या माणसाने सोडावा तसा.

"काय करनार," ते म्हणाले. "एन्झाइमपुढे कोनाचं चालतं?"

आणि त्यांनी ताट पुढे करून अजून भात मागितला.